पंख्याकडे पाठ

आमच्या माहेरच्या म्हाताऱ्या बायका भेटल्या की आधी बोलत नाहीत. दोन्ही तळवे समोरचीच्या गालांवरून फिरवतात, ते स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडतात आणि मग विचारतात, ‘कधी आलीस गं?’ माझ्या उजव्या गालाला गेली काही वर्षं हा लाड सोसत नाही. हात येताना दिसला की मी डावा गाल पुढे करते आणि तिचा दुसरा हात वरच्यावर धरून ठेवते. एका चुलत आजीनं याचा अर्थ ‘पुण्याला जाऊन पोरीला आमची शरम वाटायला लागली’ असा लावला. पोर तेव्हा पन्नाशी ओलांडून पुढे गेलेली होती. तिला सगळं समजावून सांगितलं. ‘गालाला काय झालंय? चांगला तर दिसतोय,’ असं म्हणून खात्री करून घ्यायला तिनं गालाला हात लावला.

गाल चांगलाच आहे. सूज नाही, लाली नाही, पुरळ नाही. बिघाड आहे तो आत खोल, कानाच्याही मागे, मेंदूच्या बुंध्यापाशी. चेहऱ्यावरचा स्पर्श, ऊन-गारवा, दुखणं-खुपणं मेंदूला कळवणारी पाचवी मेंदूनस दोन्ही बाजूंना एकेक असते. तिला तीन फांद्या फुटतात. एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, नाकपुडी नि वरच्या ओठाकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. माझ्या उजवीकडच्या खालच्या दोन फांद्या बिथरल्या आहेत. डॉक्टर या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. हे पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतं, पन्नाशीनंतर अधिक होतं, डाव्यापेक्षा उजव्या बाजूला अधिक होतं. तिन्ही बाबतींत मी बहुमतात आहे.

कळ नाकपुडीच्या कडेपासून कानापर्यंत जाते. विजेचा झटका. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. मग काही नाही. ठणका नाही, दुखरेपणा नाही, नुकतं काही होऊन गेल्याची खूणसुद्धा नाही. दुखण्यानं उचल खाल्ली की अशा कळा दिवसभर येत राहतात. मग एक दिवस त्या विरळ होतात, थांबतात आणि महिनेच्या महिने येत नाहीत. तपासणीच्या खोलीत विचारतात, ‘शून्य ते दहा या पट्टीवर दुखणं किती?’ या प्रश्नाशी माझं कधीच जमलेलं नाही. कळ असते तेव्हा दहा. ती सरली की शून्य. त्यांना एक आकडा हवा असतो, म्हणून मी ‘सात’ म्हणते. सात इतकं मला कधीही दुखलेलं नाही.

लहानपणी गुडघा फुटला की आई आजूबाजूला चोळायची आणि फुंकर घालायची. त्यानं बरं वाटायचं, आणि ते केवळ मायेपोटी वाटायचं असं नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा एक सिद्धांत मांडला. त्यांनी मज्जारज्जूत एक फाटक कल्पिलं. स्पर्शाचे संदेश मोठ्या संख्येनं आले की ते वेदनेच्या संदेशांसमोर हे फाटक लोटून घेतात. तपशिलात तो सिद्धांत पुढे बराच बदलला, पण चोळल्यानं दुखणं का कमी होतं, याचं उत्तर आजही त्याच वाटेनं देतात. माझ्या गालावर मात्र फाटक उलटं उघडतं. फुंकर घातली की कळ येते. केसांची बट गालावर आली, की येते. आणि गंमत अशी, की दाबून धरलं, अगदी चिमटा काढला, तर बहुधा काहीच होत नाही. हलकं, निसटतं, मायेचं काही लागलं की होतं.

पुण्यातल्या दुचाकीवरच्या बायका-मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गच्च गुंडाळतात, त्याची बाहेरगावची माणसं थट्टा करतात. माझ्यावर त्या प्रथेचे उपकार आहेत. सैल पदर वाऱ्यानं गालावर फडफडला की संपलंच. गच्च बांधलेला स्कार्फ चालतो. थंडीत सिग्नलला उभी असते तेव्हा आजूबाजूला सगळ्याच तशा, त्यामुळे मी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आजाऱ्याला असा आयता वेश फार थोड्या गावांत मिळत असेल.

असं का होतं, याचं चित्र मला एमआरआयनंतर डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. नस मेंदूच्या बुंध्यातून जिथे बाहेर पडते, तिथे शेजारून जाणारी एक धमनी तिच्यावर टेकलेली आहे. ती दर ठोक्याला घासते आणि विजेच्या वायरवरचं प्लास्टिक एका जागी झिजावं तसं नसेवरचं मायलिनचं आवरण तिथे झिजतं. मग स्पर्श वाहून नेणाऱ्या धाग्यातला संदेश शेजारच्या वेदनेच्या धाग्यात उडी मारतो. वाऱ्याची झुळूक गालावरून निघते ती झुळूक म्हणूनच, पण मेंदूशी पोचते तेव्हा तिचा सुरा झालेला असतो. सगळ्यांच्या बाबतीत कारण हेच असतं असं नाही. काहींना मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे होतं, काहींच्या नसेपाशी गाठ असते. एमआरआय करतात तो मुख्यतः हे वगळायला. आणि कित्येकांच्या डोक्यात धमनी नसेला टेकलेली असूनही त्यांना जन्मभर काही होत नाही. ‘मग मलाच का?’ असं मी विचारलं नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटलं, तो प्रश्न त्यांनी सकाळपासून बऱ्याचदा ऐकला असावा.

त्या कागदापर्यंत पोचायच्या आधी एक दाढ गेली. या दुखण्यात हे इतकं सर्रास होतं, की वैद्यकाच्या पुस्तकांतही त्याचा इशारा असतो. कळ जबड्यात येते, जेवताना येते, दात घासताना येते. माणूस दंतवैद्याकडेच जाणार. एक्स-रेत दाढ थोडी किडलेलीही दिसत होती. आधी रूट कॅनाल झालं, मग दाढ काढली, आणि दाढेच्या रिकाम्या जागेवरून कळ पूर्वीच्याच वाटेनं कानाकडे गेली. पुढे वाचताना मला यात एक थोर सोबतीण सापडली. इंग्लंडच्या पॅरिसमधल्या राजदूताची बायको, नॉर्दंबरलंडची काउंटेस, १६७७ च्या डिसेंबरात याच दुखण्यानं तळमळत होती, आणि तिला पाहायला बोलावलेला वैद्य होता जॉन लॉक. तत्त्वज्ञ म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. तो वैद्यही होता. त्यानं पत्रांत तिच्या झटक्यांचं बारकाईनं वर्णन करून ठेवलं आहे. दात काढूनही तिचं दुखणं हटलेलं नव्हतं. माणसाला ज्ञान होतं ते अनुभवातून, असं सांगणारा ग्रंथ या माणसानं पुढे लिहिला. त्या खोलीत ज्याला अनुभव येत होता त्याला ज्ञान होत नव्हतं, आणि ज्याला ज्ञान हवं होतं त्याला अनुभव नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं असेल का, असा एक विचार मला पडल्या पडल्या येतो. पडून राहण्याच्या दिवसांत असल्या विचारांना तोटा नसतो.

आमच्या घराण्यात सोशिकपणाचं फार कौतुक. माझ्या आजीनं म्हणे भाजलेल्या हातानं पंगत वाढली. आई संधिवातानं वाकडी झालेली बोटं घेऊन शेवटपर्यंत पोळ्या लाटायची आणि कुणी विचारलं तर ‘त्याला काय होतंय’ म्हणायची. मीही तशीच वागेन अशी सगळ्यांची आणि माझीही अपेक्षा होती. या दुखण्यापुढे ते चालत नाही. सोसायला वेळ लागतो. दात-ओठ खाऊन, देवाचं नाव घेऊन, पदर खोचून माणूस उभा राहतो तेव्हा समोर काहीतरी टिकून असावं लागतं. इथे धीर गोळा होईपर्यंत कळ येऊन गेलेली असते. मग ज्याच्यासमोर धीर धरायचा तेच उरत नाही. उरते ती पुढच्या कळेची वाट, आणि वाट पाहण्यात शौर्य दाखवायची काही सोय नाही. (दात-ओठ खाण्याचं तर नावच नको.)

उचलीच्या दिवसांत खरं दुखणं हेच असतं, असं मला आता वाटतं. कळांची सगळी बेरीज केली तरी दिवसातली थोडी मिनिटं भरतील. बाकीचा अख्खा दिवस चेहरा न हलवण्यात जातो. तोंड उघडायचं ते अर्धंच, हसू आलं तर आवरायचं, जांभईला तर मधेच गाठायचं. माणसं म्हणतात, ‘रागावलात का?’ घरात तणतण होते, कारण घुम्या चेहऱ्याच्या बाईशी कसं वागायचं ते कुणालाच कळत नाही. आणि रडायचीही सोय नाही. डोळ्यातून निघालेलं पाणी गालावरून ओघळतं, आणि ओघळणं म्हणजे हलका स्पर्श. रडू येतंय असं वाटलं की मी मान डावीकडे कलती करून उताणी पडते, म्हणजे उजव्या डोळ्याचं पाणी नाकाच्या वाटेनं पलीकडे उतरतं. ही युक्ती कुणी शिकवलेली नाही. ती हाती लागली तेव्हा मला रडता रडता हसू आलं, आणि त्या हसण्यानं कळ आली.

म्हणून सोसणं सोडून मी बंदोबस्ताला लागले. बंदोबस्त दिसायला अगदीच क्षुल्लक असतो. कुठेही गेलं की आधी पंखा कुठे आहे, एसीचं तोंड कुठे आहे ते पाहायचं आणि पाठ त्याकडे होईल अशी खुर्ची धरायची. लग्नाच्या हॉलमध्ये त्या पिंपाएवढ्या पंख्यांपासून लांब, मग भले स्टेज दिसो न दिसो. शिवशाहीत खिडकीची सीट नको, वरची झडप आधी बंद. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कोमट पाणी. तोही सकाळी उठल्या उठल्या नाही, पहिली गोळी अंगात मुरल्यावर. उचलीच्या दिवसांत जेवण म्हणजे गुरगुट्या भात, मेतकूट, तूप, कढी. कळ येऊन गेली की नसेला थोडा विसावा लागतो, तेवढ्या अवधीत दुसरी कळ सहसा उठत नाही. हे कळल्यापासून मी पहिल्या घासाची कळ येऊ देते आणि ती सरली की ताट भराभर संपवते. पाहुण्यांना वाटतं, काय ही बाईची भूक! दिवाळीत उटणं तोंडाला लावायचं नाही. चकली मोडून आमटीत भिजवून खायची, त्यावर नवऱ्यानं काहीही बोलायचं नाही. धुळवडीला दाराला आतून कडी.

सगळ्यात अवघड बंदोबस्त माणसांचा. गोळ्या वेळेवर घ्यायला गजर लावता येतो, पण ‘माझ्याशी आता दोन तास बोलू नका, मी रागावलेली नाही’ हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. लेकीनं यावर तोडगा काढला. फ्रिजवर एक लाल चुंबक आहे. तो दारावर वरच्या बाजूला असला की आईला आज बोलायला लावायचं नाही, खाली असला की चालेल. मला आधी हे अपमानास्पद वाटलं होतं. आता कामवाल्या मावशीसुद्धा आल्या आल्या आधी फ्रिजकडे बघतात आणि त्याप्रमाणे गप्पांची पातळी ठरवतात. एकदा चुंबक वर असताना त्या त्यांच्या जावेची सगळी हकिगत एकट्याच सांगत बसल्या. मी नुसती ऐकत होते. जाताना म्हणाल्या, ‘ताई, आज लई बरं वाटलं बोलून.’

मी मराठीची शिक्षिका. बोलण्यावर पोट. वरच्या ओठाला चेतवणारी जागा असली की वर्णमालेकडे बघायची दृष्टी बदलते. व्याकरणात ओष्ठ्य वर्ण म्हणून शिकवत आले ते प, फ, ब, भ, म. उच्चारताना ओठाला ओठ टेकतो तो क्षण आता माझ्यासाठी तारांबळीचा. हजेरी घेताना कल्याणी, चेतन, ऋतुजा बिनधोक जायचे. पूनम आणि भूषणपाशी मी अडखळायचे. भूषणला वाटायचं बाईंचा आपल्यावर राग आहे. त्याला मी नुसत्या मानेनं विचारायला लागले तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. ‘आई गं’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते वर्गातच, फळ्याकडे तोंड करून उभी असताना. ज्यांनी कुणी कळवळण्यासाठी हे शब्द पहिल्यांदा वापरले, त्यांना माझा दंडवत. नोकरीची शेवटची वर्षं मी वाचन मुलांकडून करून घेतलं आणि लेखी कामाचा सपाटा लावला. त्या तुकडीचं शुद्धलेखन शाळेत सगळ्यांत चांगलं निघालं, याचं श्रेय एका धमनीला आहे.

आता गोळीविषयी. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या कळेला हलवतसुद्धा नाहीत. चालते ती फिट्सची गोळी, कार्बामाझेपिन. हे रसायन १९५३ साली बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी तयार केलं, आणि १९६२ साली ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी ते या दुखण्यावर चालतं असं जाहीर केलं. अपस्मारात मेंदूतल्या पेशी अवेळी पेटतात, इथे नस पेटते. गोळी दोन्हीकडे पेशींमधली सोडियमची दारं आवळून धरते. औषधाच्या दुकानातला मुलगा चिठ्ठी वाचून आवाज खाली आणतो आणि विचारतो, ‘फिट कुणाला येते?’ मागे उभ्या असलेल्या बाई माझ्याकडे पाहतात. पूर्वी मी खुलासा करायचे. आता ‘मला’ म्हणते आणि पैसे देते. ज्यांना खरंच फिट येते ती माणसं रोज हीच नजर झेलतात, मला निदान खुलाशाची चैन उपलब्ध होती.

गोळी चालते, पण फुकट चालत नाही. मात्रा वाढवली की पायाखालची जमीन थोडी सरकते. शब्द जिभेवर येऊन थांबतात. स्वयंपाकघरात कशाला आले ते आठवत नाही. यकृत या औषधाला इतकं सरावतं, की पहिल्या काही आठवड्यांनंतर ते हे औषधच लवकर मोडायला लागतं आणि मात्रा पुन्हा जुळवावी लागते. रक्तातलं सोडियम उतरतं. ते १३५ च्या वर असावं, माझं त्या रेषेवर उभं राहून खाली डोकावत असतं. आशिया खंडातल्या काही लोकांत एक विशिष्ट जनुक असतो, त्यांची कातडी या औषधानं अक्षरशः सोलून निघू शकते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत अंगावर पुरळ दिसलं तर गोळी थांबवून तडक डॉक्टर गाठायचा, हे मला बजावून सांगितलं होतं. त्या दिवसांत मला चावलेल्या प्रत्येक डासाची कसून चौकशी झाली.

या दुखण्याला ‘आत्महत्येचा रोग’ असं एक टोपणनाव चिकटलेलं आहे. निदान झालं त्या संध्याकाळी कुणीतरी ते मला सहानुभूती म्हणून ऐकवलं. मला त्या नावाची मनस्वी चीड आहे. गोळी नव्हती आणि दाढांमागून दाढा उपटल्या जायच्या, त्या काळाची ती उरलेली घाण आहे. नव्यानं निदान झालेल्या, आधीच घाबरलेल्या माणसाच्या हातात असलं नाव देणं हा दुष्टपणा आहे, मग देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. त्यापेक्षा त्याला हे सांगावं, की गोळ्या पुरेनाशा झाल्या तर पुढेही वाटा आहेत. नसेला टेकलेली रक्तवाहिनी हेच कारण असावं असं अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये लिहिलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा या तरुण डॉक्टरानं सूक्ष्मदर्शकाखाली तीच गोष्ट पाहिली आणि रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्याच्यावरही वडीलधाऱ्यांचा विश्वास बसायला बरीच वर्षं गेली. कानामागे कवटीला लहानसं भोक पाडतात, धमनी नसेपासून सोडवतात आणि दोघींच्या मधे टेफ्लॉनचा कापसासारखा बोळा ठेवतात. जॅनेटांच्या हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब १९९६ साली छापून आला. त्यात दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के लोक औषधाशिवाय वेदनामुक्त होते. उरलेल्या ३० टक्क्यांचा विचार मी रात्री करते आणि ७० टक्क्यांचा सकाळी. तूर्त गोळी पुरते आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय लांबणीवर टाकायची मुभा आहे आणि मी ती पुरेपूर वापरते आहे.

उपाय सुचवणाऱ्यांची तर रांग असते. लवंगेचं तेल, वेखंडाचा लेप, सुंठ उगाळून कानशिलाला, जायफळ, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत. लेप कुठला का असेना, तो लावायला गालाला हात लावावा लागतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या ओळखीच्या एका वैद्यांनी मात्र लेप सोडून ग्रंथ काढला. सुश्रुतानं उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यात अनंतवात आहे. मानेपासून निघून डोळे, भुवया, कानशिलं धरणारी, गालाच्या बाजूला कंप आणणारी, जबडा आखडवणारी वेदना. वैद्य मंडळी आजच्या या दुखण्याची सांगड त्याच्याशी घालतात. उपचार म्हणून सुश्रुत शीर तोडून रक्त काढायला सांगतो आणि आहारात घृतपूर, संयाव अशी तुपातली पक्वान्नं. घृतपूर म्हणजे आजच्या घेवराचा पूर्वज. वैद्यानं पथ्य म्हणून पक्वान्न सांगितल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण, त्यामुळे सुश्रुताविषयीचा माझा आदर वाढला. तिथेही शीर आणि इथेही धमनी, म्हणून ‘आपल्याला हे आधीच ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह आमच्या सोसायटीतल्या काकांना लगेच झाला. शिरेतून रक्त काढणं आणि मेंदूपाशी जाऊन धमनी सरकवणं यांत काही नातं नाही. पण ज्या काळी आत पाहायचं कोणतंही साधन नव्हतं, त्या काळी कुणीतरी अशा माणसासमोर बसून गालाच्या कडेचा तो कंप पाहिला आणि लिहून ठेवला, एवढं मला पुरेसं मोठं वाटतं.

कळा थांबलेल्या असतात त्या महिन्यांविषयी लोक विचारत नाहीत. त्यांना वाटतं, तेव्हा ही बरी असते. बरी असतेच, सुट्टी मात्र नसते. पहिल्या वेळी कळा थांबल्या तेव्हा मी त्या पुन्हा कधी येतील याच्या धास्तीत ते सगळे चांगले दिवस बसून काढले, चांगल्या दिवसांतही अर्धंच तोंड उघडून. पुढे नवऱ्यानंच एकदा विचारलं, ‘आता काय राखून ठेवते आहेस?’ त्याला उत्तर देता आलं नाही. आता उघाड मिळाली की मी अधाशीपणा करते. भाजलेलं कणीस दातांनी सोलते, पेरूची फोड तिखटमीठ लावून करकरा खाते, लोणावळ्याला जाताना खिडकीची सीट भांडून घेते. बहिणीशी तासतासभर फोन करते. गळ्यातल्या गळ्यात म्हणायची गाणी मोठ्यांदा म्हणते. शेजाऱ्यांनी अजून तरी तक्रार केलेली नाही.

आणि वाचते. दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करून देण्याचं काम मी निवृत्तीनंतर घेतलं आहे. घरच्या घरी, मोबाइलवर, दारं-खिडक्या लावून आणि अर्थातच पंखा बंद करून. काम बघणारी मुलगी सुरुवातीला गोंधळायची. ‘बाई, तुम्ही महिना-दोन महिने काहीच पाठवत नाही आणि मग एकदम अर्धं पुस्तक येतं. रोज थोडं थोडं जमणार नाही का?’ तिला मी सगळं सांगितलं. तिनं ते चटकन समजून घेतलं आणि एक फार शहाणा प्रश्न विचारला, ‘मग अवघड शब्दांचे धडे आधी देऊ का?’ तेव्हापासून आमची तशी वाटणी ठरली आहे. सध्या भूगोल चालू आहे. थंडी पडायला अजून अवकाश आहे, तोवर ओठांना उसंत न देणारं सगळं उरकून टाकायचं. पर्वत, पठार आणि भूकंप झाले, ज्वालामुखी परवा संपला, पर्जन्यमानाचं प्रकरण अर्ध्यावर आलं आहे. नद्या, तळी आणि जंगलं डिसेंबरात वाचली तरी चालतील.